सुलूकाकूंची जोडवी

जेसल पार्कमधल्या पायाच्या डॉक्टरांकडे मी नंबर लावून बसलो होतो. शेजारी दोघी बोलत होत्या.

“सुलूकाकू, तुमची जोडवी कुठे गेली?”

“काढली गं, रसिका. शुगरमुळे पायाला काही कळतच नाही. जोडवं रुतून जखम झाली आणि मी महिनाभर हळदच भरत बसले. बोट निळं पडलं तेव्हा इथे आले.”

“मग?”

“डॉक्टर म्हणाले, आधी जोडवी काढा, नाहीतर बोट जाईल. सासूबाई ऐकेनात. नवरा जिवंत असताना जोडवी काढतात का, म्हणाल्या.”

“अगं बाई! मग?”

“मग त्या जिवंत नवऱ्यानेच पक्कड आणली आणि आईच्या समोर जोडवी कापली! आज पट्टी सुटली. हे बघ, बोटं मोज. दहाच्या दहा!”

मीसुद्धा मोजली.