सायलीच्या गावातला चहा

वंदना, मागच्या वर्षी मी चहा सोडला होता, आठवतं ना? आपल्या या अख्ख्या गिरावीन उपनगराला वाटलं, हिला ॲसिडिटी झाली. तो नेम होता गं. आमची सायली नोकरीसाठी जर्मनीत गेली, फ्रान्सच्या सीमेवरच्या एका चिमुकल्या गावात. फोनवर रडायची, "आई, इथे माझ्याशी कुणी बोलतच नाही." मी गणपतीला सांगितलं, त्या गावात कुणी तिला घरी बोलावून चहा पाजेपर्यंत मी चहाला शिवणार नाही.

हे म्हणाले, "अगं, तिथे लोक कॉफी पितात!"

म्हटलं, ते गणपती बघेल.

दसऱ्याला मी सायलीला बजावलं, "सीमोल्लंघन कर, आणि शेजारच्या आजींना सोबत ने." संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. सीमेवरचा पूल ओलांडून दोघी फ्रान्समधल्या कॅफेत बसल्या होत्या.

"आई, हेल्गाआजींनी मला चहा पाजला. आता तूही पी!"

"पण हे तुझं गाव नाही, आणि आजींचं घरही नाही. चालणार नाही."

"आई, सीरियसली?"

आजींनी विचारलं, आई का रागावली? सायलीने सगळं सांगितलं. आजी तशाच उठल्या, पूल परत ओलांडून तिला थेट आपल्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिकडे त्यांनी किटली ठेवली, इकडे मी आधण ठेवलं.

आता दर रविवारी सायली त्यांच्याकडेच जेवते.

तुझा निखिल तिकडे लांब गुंगालिनला एकटाच राहतो ना? मग हा कप संपव, आणि उद्यापासून तूही चहा सोड.