दोन वाम चिकटवा

चौकला जाणाऱ्या बसच्या रांगेत नेत्रापुढे हौसाबाई डोक्यावर मासळीची रिकामी पाटी घेऊन उभी होती. तिच्या एका हातात फोन होता, स्पीकरवर, आणि दुसऱ्या हातात लायसन्स कीचं कार्ड. घरी नवा कंप्युटर त्यावरची अक्षरं मागत अडून बसला होता, आणि कार्ड चुकून तिच्या पिशवीतून बाजारात आलं होतं. फोनवर नवरा होता, जानू.

“शेवटची चार राह्यली. बोंबलाचा बी.”

“टाकला. लवकर सांग गो! नातीचा इंटरव्ह्यू सुरू व्हईल. संचिता साडी नेसून उभी हाय.”

“पापलेटाचा पी. कोळंबीचा के.”

“टाकले. आता?”

“डब्ल्यू.”

“त्याचा मासा कंचा?”

हौसाबाईने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. सगळी रांग विचारात पडली.

“वाम?” मागून कोणीतरी म्हणालं.

“वामाचा मघाशी व्ही झाला ना!” हौसाबाई म्हणाली.

नेत्रा कधी कुणाच्या बोलण्यात पडत नसे. पण आता तिला राहवेना. ती फोनवर वाकून ओरडली, “काका, दोन वाम शेजारी शेजारी चिकटवा! तसं दिसणारं बटण बघा!”

“हां, गावलं! चालू झाला! संचिता, ये, बस!”

बस आली, पण कोणी चढेना. फोन बंद करायचं जानूलाही सुचलं नाही.

“नमस्कार, सर.” फोनमधून संचिताचा आवाज आला.

“नमस्कार. स्वतःबद्दल सांगा.”

“लई गुणाची हाय, सायेब!” जानू म्हणाला.

“अवो, तिला इचारलंय!” हौसाबाई ओरडली.

“आणि ह्या कोण?” साहेबांनी विचारलं.

“आजी!” सगळी रांग एका सुरात म्हणाली.