शकुनचा खोकला आणि गोवर्धनशेठच्या चरख्या

नाव दुर्गाबाई, नवऱ्याचे नाव पुंजाराम माळी. वय अंदाजे तीस. धंदा भाजी विकणे. राहणार अकोला, गोवर्धनशेठच्या कापसाच्या आवारालगत. तारीख ९ मार्च १८६४.

ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, कापसाला भाव आल्यापासून शेठजींनी आवारात, माझ्या भिंतीला लागून, सरकी काढायच्या चाळीस चरख्या बसवल्या. दिवसभर धूळ आणि कापसाचे तूस उडते. भाकरीवर बसते, पाण्यावर तरंगते. माझी मुलगी शकुन, वय पाच, हिला दिवाळीपासून खोकला आहे. ती आडवी झोपत नाही. माझ्या छातीला टेकून बसून झोपते.

वैद्यांनी धुळीपासून दूर ठेवा म्हणून सांगितले. घर एकाच खोलीचे आहे.

मी शेठजींकडे गेले. ते म्हणाले, "बाई, थे धूळ नोहे, सोनं उडून राह्यलं."

मी म्हटले, "मंग तुमचं सोनं तुमी घेऊन जा."

दुसऱ्या दिवसापासून घरातले तूस झाडून टोपलीभर त्यांच्या दारात ठेवू लागले. तीन दिवस त्यांनी ते खुशीने ठेवून घेतले. चौथ्या दिवशी टोपली लहान का, असे विचारले.

त्यानंतर मी ठाण्यात आले. जमादार केशवराव म्हणाले, "खोकल्याचं कलम नाही, बाई." हे वाक्य लिहावे काय, असे कारकुनाने आता जमादारांना विचारले. मी म्हटले, लिहा.

संक्रांतीनंतर मुंबईचा व्यापारी माल बघायला आला. त्या दिवशी मी गल्लीतली खोकणारी नऊ पोरं नेऊन शेठजींच्या पांढऱ्या गादीवर बसवली. खोकायला कोणाला शिकवले नव्हते. शकुनच्या खोकल्यातून तूस पडले. ते मी पदरात घेऊन शेठजींपुढे धरले व म्हटले, "हा बी तुमचाच माल हाय. ठेवून घ्या." व्यापाऱ्याने तोंडाला उपरणे लावले व तो चहूकडे बघत उठून गेला. मी कोणास शिवी दिली नाही. गादी पोरांनी मळवली, हे खरे आहे.

आठ दिवसांनी शेठजींनी सगळ्या चरख्या आवाराच्या दुसऱ्या टोकाला नेल्या. त्या टोकाला ठाण्याची भिंत आहे. भिंतीपलीकडे जमादारांचे बिऱ्हाड आहे.

काल शिपाई मला बोलवायला आला. जमादारांची मुलगी कौशल्या, वय चार, पंधरा दिवसांपासून खोकते. तक्रार असेल तर आता लिहून घेतो, असे जमादार म्हणाले. त्यांनी मला बसायला सांगितले. मागच्या वेळी मी उभी होते.

कौशल्याला मी बघितले. तिची आई तिला छातीला टेकवून बसली होती. मी त्या आईला सांगितले, "पाठीमागं उशी घे, नाही तं तुही पाठ धरन."

शकुन आता थोडी आडवी होते.

तक्रार कोणाच्या नावाने लिहायची, असे विचारल्यावरून सांगते की, शकुन आणि कौशल्या, दोघींच्या नावाने लिहा.

हा मजकूर कारकुनाने मला हळू वाचून ऐकवला. मी सांगितले तेच त्यात आहे. डाव्या हाताचा अंगठा दिला आहे.