ओला दंड

नाई, तुमाले पाहून दार नाई लावत होती, प्रेमदासभाऊ — कोंबड्या आत शिरतात म्हून. या, आंगनात या. सासूबाई कापूस वेचाले गेल्या हायेत. टोचनीची पेटी ठेवा खाली. टोचू द्याचं का नाई, ते मंग सांगते.

हे धाकटी, पंचफुला. निजली हाये. थोरल्या गुलाबले तं तुमी मागच्या हिवाळ्यात टोचलं होतं, इथंच. रडला नाई तो — पेटीचं कुलूप पाहून राह्यला होता. तरी देवी आल्याच त्याले. होळीच्या आंगोदर गेला. आता गावात म्हनतात, लस खोटी. मीबी म्हनते. खोटी नाई तं काय? तुमी सांगतलं होतं, आंगाले रोगाची थोडी वळख करून द्याची, मंग खऱ्या देवी आल्या का आंग त्याईले उंबऱ्यावरच अडवते. आठ-धा रोजात फोड येईन, खपली धरन, हात नका लावू. कुठं आला फोड? रोज बाही वर करून पाहे मी. दंड कोरा तो कोरा.

नाई, खाजवलं नाई त्यानं. लेप नाई, हळद नाई. तुमी वळले तसं सासूबाईनं त्याले न्हानीत नेलं, एवढंच. तुमचा हात लागला होता ना. राग नका मानू, भाऊ. मी म्हनलं, लस तं गाईच्या वासरावरची हाये म्हनतात — तं म्हने, गाय चांगली, हात कोनाचा? बौद्ध झाले म्हून हात बदलते का, म्हने. गोमूत्रानं घासला दंड, मंग पान्यानं. पानी मीच ओतत होती. लसीचा थेंब ओलाच होता अजून, चमकत होता —

काऊन असे पाहून राह्यले?

थेंब तं लगेच मुरते ना आत? का येळ लागते? वाळू द्या लागते?

बरं.

बरं, भाऊ.

द्या, पेटी इकडं सरकवा. हिले मांडीवर घेते. हा दंड. सासूबाई येतीन, दंड धुवाले पानी काढतीन — काढू द्या. मी उठनार नाई. घरात नाई घेतलं तं आंगनात बसू, काय होते त्याले.

टोचा.

झालं? मंग जा तुमी. जा म्हनलं ना. वाळून राह्यलं हाये, आता कोनी बोलू नका.