निष्कर्षाची कोरी ओळ

चिंतामणी सर : ते सगळं ठीक आहे गं. पण हे आकडे आणलेस कुठून?

तेजस्वी : ब्युरेटवरून, सर.

चिंतामणी सर : चेष्टा नको. वर्गातल्या अडतीस जणांचं रीडिंग एक पॉइंट आठ, तुझं एकेचाळीस पॉइंट दोन! घरच्या विहिरीच्या पाण्यातलं मीठ मोजायला सांगितलं होतं, मांडवीच्या समुद्रातलं नाही.

तेजस्वी : तीनदा केलं, सर. तिन्ही लिहिलीत.

चिंतामणी सर : हो ना! एकेचाळीस दोन, एकेचाळीस पाच, परत एकेचाळीस दोन. मधला जरासा हलवलास, खरं वाटावं म्हणून. वीस वर्षं जर्नलं तपासतोय मी.

तेजस्वी : दुसऱ्या वेळी थेंब जास्त पडले. लाल झालेलं लक्षात यायला उशीर झाला. तेही खाली लिहिलंय.

चिंतामणी सर : आणि निष्कर्ष कोरा! स्वतःच्या हातानं प्रयोग करणारा माणूस निष्कर्ष कोरा ठेवतो होय?

तेजस्वी : राहिला तो.

चिंतामणी सर : राहिला नाही, सुचला नाही. आज सही झाली नाही तर सोमवारी प्रॅक्टिकलला बसता येणार नाही, ठाऊक आहे ना?

तेजस्वी : म्हणून तर थांबलेय, सर.

भागोजीमामा : सर, मधे बोलतोय, रागावू नका. तिनं केलान प्रयोग. मी इथंच लॅबची भांडी धूत होतो.

चिंतामणी सर : मामा, तुम्हाला सगळीच पोरं गुणाची दिसतात. पाण्याची बाटली आहे का गं ती? का तीही राहिली?

तेजस्वी : ही घ्या. अर्धी ठेवलीय.

चिंतामणी सर : आण इकडे. मीच बघतो.

(सर ब्युरेट लावतात. थेंब पडत राहतात, पिवळं पाणी लाल व्हायचं नाव घेत नाही.)

भागोजीमामा : किती झालं, सर?

चिंतामणी सर : एकेचाळीस तीन. बाटलीत मीठ टाकलंस तू!

भागोजीमामा : ती कशाला टाकील? खाडीपलीकडची पोर ती. तिकडं विहिरींत भरतीचं पाणी शिरतंय हल्ली.

तेजस्वी : दीड वर्ष झालं, सर. आई डाळीत मीठ घालत नाही.

चिंतामणी सर : मग बाकीच्यांचं? कोणी पावसचा, कोणी हातखंब्याचा. सगळ्यांच्या विहिरींना एकच पाणी?

भागोजीमामा : आता विचारलंत म्हणून सांगतो. पोरांनी बाटल्या आपल्या खालच्या टाकीवर भरल्यानी. आकडाही एकानंच काढलान.

चिंतामणी सर : आणि मी सह्या ठोकत सुटलो. मामा, ती अडतीस जर्नलं कपाटातून परत काढा.

भागोजीमामा : सही झालेली?

चिंतामणी सर : झालेलीच. तेजस्वी, चुकलं माझं. तुझ्या जर्नलवर सही करतो, फक्त निष्कर्ष पुरा कर. तुझ्या आकड्यांवरून स्पष्ट आहे, लिही : हे पाणी पिण्याजोगं नाही.

तेजस्वी : ते मला त्याच दिवशी कळलं होतं, सर.

चिंतामणी सर : मग लिहिलं का नाहीस?

तेजस्वी : लिहिलं की घरी सांगायला हवं. आणि दुसरी विहीर नाही आमच्याकडे.