आषाढ शुद्ध पंचमीचं बदक

आदरणीय अध्यक्ष श्री. प्रबोध साठे, व्यासपीठावरचे मंडळाचे पदाधिकारी, आजच्या सत्कारमूर्ती सुलेखाताई पटवर्धन, पासिर रिसपासून बुओना व्हिस्टापर्यंत कुठून कुठून एमआरटीच्या गाड्या बदलत आलेले पालक, आणि पहिल्या तीन रांगांत फार वेळ शांत बसलेले शनिवारच्या मराठी वर्गाचे विद्यार्थी, सर्वांना माझा नमस्कार.

मी ऋता. तीन वर्षं ताईंच्या वर्गात मदत करते. मला भाषणाची सवय नाही.

ताईंनी सिंगापुरात अकरा वर्षं हा वर्ग चालवला. 'पाणी प्यायला जाऊ का' हे मराठीत विचारल्याशिवाय त्यांच्या वर्गात कुणाला पाणी मिळालं नाही. आता त्या कायमच्या पुण्याला निघाल्या आहेत. त्यांच्या कामाबद्दल स्मिताताई माझ्याआधी फार छान बोलल्या. माझ्याकडे एकच गोष्ट उरली आहे, आणि तीच सांगू नये असं मला काल सुचवण्यात आलं.

अध्यक्षांनी फोन केला होता. अगदी सौजन्याने बोलले. म्हणाले, "ऋता, भाषण वाचलं. उत्तम आहे. ते बदकाचं तेवढं वगळा. निरोपाचा कार्यक्रम आहे. आणि जानेवारीपासून वर्ग तुमच्याकडेच द्यायचं चाललंय, तेव्हा उगाच कशाला?"

मी रात्री तेवढं वगळून पाहिलं. काय उरलं माहीत आहे? नमस्कार आणि आभार.

तेव्हा प्रबोधजी, माफ करा. मी बदकापासूनच सुरुवात करते.

माझे वडील कोकणात दीपगृहावर नोकरीला होते. शाळा लांब, म्हणून चौथीपर्यंत आईबाबांनीच घरी शिकवलं. आमच्या त्या शाळेचे नियम दोनच. विचारलं तर पूर्ण उत्तर द्यायचं, आणि पानात काही टाकायचं नाही. या दोन्ही नियमांनी मला सिंगापुरात एकाच दिवशी गाठलं.

ताईंचे यजमान पद्माकरकाका जहाजावर इंजिनिअर होते. सात वर्षांपूर्वी ते नोव्हेनाच्या हॉस्पिटलात वारले. त्यांची तिथी आषाढ शुद्ध पंचमी. तिथीला गेलेल्या माणसाच्या आवडीचं करावं आणि कुणाला तरी बोलावून जेवू घालावं, ही आपली रीत. इथे बसलेल्या कुणाला ती नवीन नाही. काकांच्या आवडीचं काय होतं? जालान बसारच्या मागच्या गल्लीत अंकल लिम कोळशाच्या भट्टीत बदक भाजतात, ते. जहाज बंदराला लागलं की काका घरी यायच्या आधी तिथे जायचे. ताई स्वतः शाकाहारी. आजही आहेत. पण दर तिथीला त्या तिथे जात, काकांचं पान मांडत, आणि काकांचे जहाजावरचे मित्र नंदूकाका पाहुणे म्हणून ते पान जेवत.

या वर्षी तिथी शनिवारी आली आणि नंदूकाका समुद्रावर होते. ताई म्हणाल्या, "सोबत चल. तू भात-भाजी खा." वर्ग अर्धा तास लवकर सोडायचा होता, म्हणून मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं: "आज वर्ग अकराला सुटेल. कारण: ताईंच्या यजमानांची तिथी. जेवण बदकाच्या दुकानात आहे."

हसा, हसा. पूर्ण कारण द्यायचं, हे चौथीपर्यंतचं शिक्षण.

ती गल्ली कधी पाहिली आहे का तुम्ही? दुकानांसमोर अरुंद ओसरी, तिच्यात पालथ्या घालून ठेवलेल्या बादल्या, वर वाळत घातलेले कपडे. काचेत बदकं मानेने टांगलेली, तपकिरी, चकचकीत. आत संगमरवरी टेबलं, कडा झिजलेल्या. मी दारातच थबकले. ताई म्हणाल्या, "कारण लिहून मोकळी झालीस, आता आत ये."

अंकल लिम यांनी लाकडी ओंडक्यावर सुरा चालवला. पहिला तुकडा एका वाटीत घालून भिंतीवरच्या देव्हाऱ्यात ठेवला. तिथे त्यांच्या वडिलांचा फोटो आहे. आणि त्याच्या शेजारी, मंडळी, आपल्या पद्माकरकाकांचा आहे. जहाजाच्या गणवेशातला. तीन उदबत्त्या लावल्या आणि मग पान आमच्या टेबलावर आलं, रिकाम्या खुर्चीपुढे. ताईंनी पानाभोवती पाणी फिरवलं. दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

जेवण झालं, पान तसंच. ताई म्हणाल्या, "अंकल, हे बांधून द्या, कुणाला तरी देऊ."

अंकल म्हणाले, "कॅप्टनची प्लेट. पॅक कॅनॉट, लाह. समवन मस्ट ईट."

काका कॅप्टन नव्हते. अंकलना ते कोण सांगणार?

मी पान पुढे ओढलं. ताईंनी माझा हात धरला. "ऋता, सक्ती नाही हं."

"पानात टाकायचं नाही, ताई," मी म्हणाले.

आणि मी जेवले. शाकाहारी घरातली मी, आलुबुखाराच्या आंबटगोड चटणीत बुडवून ते बदक जेवले. कातडी पापडासारखी मोडली. आवडलं का? पूर्ण उत्तर द्यायचं तर पहिला घास नाही. चौथा, हो.

परत येताना फोन पाहिला. ग्रुपवर एकोणचाळीस मेसेज. 'तिथीला बदक?' 'मुलांना हेच शिकवतात का?' मी खुलासा लिहायला घेतला की चुकून लिहिलं गेलं. ताईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "चुकून कुठे? खरंच आहे. राहू दे."

दसऱ्याला सरस्वतीपूजन दहा वर्षं ताई सांगायच्या. या दसऱ्याला ते दुसऱ्यांकडे गेलं. ठराव नाही, चर्चा नाही. ताई शेवटच्या रांगेत चपलांजवळ बसल्या आणि वर्गातल्या शिवांगीने मला विचारलं, "टीचर, व्हाय ताई नॉट डूइंग?" मी म्हणाले, ताई दमल्या आहेत.

ते माझं आयुष्यातलं पहिलं अर्धं उत्तर. गेले दोन महिने ते पुरं करायचं राहिलं आहे.

ताई, हात करू नका. मी एवढ्यात बसणार नाही.

शिवांगी, ताई दमल्या नव्हत्या. ताईंनी आपल्या माणसाला त्याच्या आवडीचं जेवू घातलं आणि त्याबद्दल आम्ही मोठ्या माणसांनी त्यांना मागे बसवलं. मीही तेव्हा गप्प बसले. हे तुझं पूर्ण उत्तर. उशीर झाला.

आणि प्रबोधजी, वर्ग द्यायचा तर हे ऐकून द्या. न दिलात तर शनिवारी मी मुलांना पाणी द्यायला येईन, पण त्यांना मराठीत विचारावं लागेल.

पुढच्या वर्षी ही पंचमी बुधवारी येते. पंचांग पाहून ठेवलं आहे. बुधवारी वर्ग नसतो, म्हणजे ग्रुपवर काही कळवायची गरज नाही. तरीही मी कळवीन, कारणासकट. ताई पुण्यात असतील, पान मी मांडीन. नंदूकाका समुद्रावर असले तर जेवीनही. ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. भात-भाजीही मिळते.

मंडळाने बोलू दिलं, अध्यक्षांनी मध्ये थांबवलं नाही, मुलांनी इतका वेळ कळ काढली, सर्वांची मी आभारी आहे. उच्चारात, क्रमात, वेळेच्या हिशेबात काही उणं राहिलं असेल तर पदरात घ्यावं. बदक मात्र त्यात धरू नये. ते मी विचार करून बोलले आहे.