कूसरन्नाच्या बर्फावरच्या फांद्या

पुरवणी जबाब. तारीख १७ मार्च. पोलीस चौकी, कूसरन्ना, पेइप्सी सरोवराचा पश्चिम काठ.

नाव : लेइली सारापिक. वय : ५४ वर्षे. धंदा : मासे धुरावणे (धुरी देऊन टिकवणे) व विकणे. राहणार : कूसरन्ना, धक्क्याजवळचे शेवटून दुसरे घर.

मी स्वतः चौकीत येऊन, कोणी बोलावले नसताना सांगते की, माझे पती एंडेल सारापिक, वय ५७, हे १४ मार्च रोजी सकाळी सरोवराचा बर्फ फुटून बुडाले. त्याच दिवशी मी दिलेल्या जबाबात आमचे शेजारी व्हिलेम ओयासो, वय ६६, यांनी जाणूनबुजून चुकीच्या जागी फांद्या रोवल्या, असे म्हटले होते. त्याबाबत पुढीलप्रमाणे सांगायचे आहे.

व्हिलेम हे पंचवीस वर्षे गावासाठी बर्फ तपासतात. रोज सकाळी पहारीने जाडी पाहतात आणि भरवशाच्या वाटेवर शंभर-शंभर पावलांवर स्प्रूसची, म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडाची, एकेक फांदी रोवतात. यंदा मार्च लागल्यापासून पहाटे उणे आठ-नऊ अंश आणि दुपारी पाणी ठिबकते, असे हवामान आहे. वरून बर्फ पांढरा दिसतो, आतून भुसभुशीत. अशा वेळी लोक फक्त फांद्या बघून चालतात.

फेब्रुवारीतल्या गावसभेत माझे पती सर्वांसमोर म्हणाले होते, "व्हिलेम, तुमचे डोळे गेले. आता पहार खाली ठेवा."

व्हिलेम म्हणाले, "तुला बर्फ गिळेल त्या दिवशी ठेवीन."

लोक हसले. मी हसले नाही. हे वाक्य माझ्या मनात बसले होते.

१४ तारखेला सकाळी ६.४० वाजता एंडेल मोटर लावलेली घसरगाडी घेऊन निघाले. धुके इतके होते की आमच्या कुंपणाचे फाटक दिसत नव्हते. मी म्हटले, "धुकं उठू दे, मग जा." ते म्हणाले, "मासा काय धुकं उठायची वाट बघतो?" भाकरीचा तुकडा खिशात घातला व गेले. कॉफी तशीच राहिली.

७.५० वाजता व्हिलेम आमच्या दारात आले. छातीपर्यंत ओले. हातमोजे नव्हते. बोटांचे कातडे निघालेले. म्हणाले, "लेइली, एंडेल पाण्यात गेला. दोर टाकला. त्याने धरलाही. मग सुटला."

मी विचारले, "तुम्ही तिथं काय करत होतात?"

ते म्हणाले, "हाक ऐकू आली."

मी विचारले, "फांद्या कुणी रोवल्या तिथं?"

ते म्हणाले, "फांद्या माझ्याच. चूक माझी."

हे मी कबुली समजले व तसाच जबाब दिला. ११.२५ वाजता एंडेल यांना बाहेर काढले. ओळख मी पटवली. आपण त्याच दुपारी व्हिलेम यांना बर्फावर जाण्यास मनाई केलीत.

१५ तारखेला मी बर्फावर गेले. ऊन होते. व्हिलेम यांनी नेमके काय केले ते मला डोळ्यांनी बघायचे होते. चौदाव्या फांदीपर्यंत वाट सरळ जाते. तिथून फांद्या दक्षिणेला वळल्या होत्या, नदीच्या मुखाकडे, जिथे खालून प्रवाह असतो. पण सरळ रेषेतही मला बर्फात गोठलेले खुंट दिसले. अकरा खुंट मोजले. म्हणजे आधीची वाट सरळ होती. कोणीतरी तिथल्या फांद्या कापून दक्षिणेला रोवल्या. एक खुंट पहारीने फोडून घेतला व तडक व्हिलेम यांच्या घरी गेले.

ते अंथरुणात होते. ताप होता. मी विचारले, "तुमची करवत कुठंय?"

"मागे खोपटात. बघ जाऊन."

पाहिली. मोठ्या दात्यांची, गंजलेली. माझ्या हातातल्या खुंटाचा काप बारीक व गुळगुळीत होता. तरी माझा संशय गेला नाही. करवत काय, कोणीही दुसरी आणेल.

मी परत जाऊन म्हटले, "फांद्या हलवलेल्या तुम्हाला ठाऊक होतं."

"सकाळी सातला दिसलं. परत लावायलाच चाललो होतो, तेवढ्यात हाक आली."

"मग चूक माझी, असं का म्हणालात?"

ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "लेइली, घरी जा. मेलेल्या माणसाला काय विचारणार? आणि तुला या गावात राहायचंय."

मी घरी गेले. त्या दिवशी पुढे काही केले नाही.

१६ तारखेला सकाळी भट्टी पेटवण्यासाठी लाकूड कापायला गेले. आमची बारीक दात्यांची करवत खिळ्यावर नव्हती. ती एंडेल यांच्या माशांच्या दुसऱ्या पेटीत, जाळीखाली सापडली. दात्यांना चिकट राळ होती व स्प्रूसच्या हिरव्या सुया अडकल्या होत्या. मासे धुरावायला आम्ही फक्त अल्डरचे लाकूड वापरतो. त्याला राळ नसते.

मग मला १३ तारीख आठवली. १२ तारखेला एंडेल यांनी बर्फात पाडलेल्या एकाच भोकातून एकतीस पर्च मासे काढले होते. १३ तारखेला तार्तू शहरातले चौघे त्या भोकाभोवती येऊन बसले. एंडेल जेवताना म्हणाले, "उद्या येऊ देत. बसतील बोंबलत." पाच वाजता, मासे ओढायची आकडी विसरलो म्हणून पुन्हा बर्फावर गेले. सात वाजता आले, तेव्हा हातात आकडी नव्हती. मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

माझे सांगणे असे की, फांद्या माझे पती एंडेल सारापिक यांनी हलवल्या. शहरातले लोक भलत्या जागी जावेत म्हणून. स्वतः एंडेल यांना चौदाव्या फांदीपाशी सरळ जायचे होते. धुक्यात ती फांदी त्यांना कळली नसावी व ते स्वतःच हलवलेल्या फांद्यांमागून गेले. ते चौघे त्या दिवशी धुक्यामुळे आलेच नाहीत. आले असते तर काय झाले असते, ते मी इथे सांगत नाही.

व्हिलेम यांच्याविरुद्ध मी जे म्हटले ते खोटे ठरले आहे. त्यांच्यावरील मनाई उठवावी. करवत व खुंट सोबत दिले आहेत.

इथे येण्याआधी मी गावच्या दुकानात उभी राहून हेच सर्वांना सांगितले. दुकानदार बाईंनी ब्रेड कापायचे थांबवले. मी बाहेर पडल्यावर आतून दाराची कडी लावल्याचा आवाज आला. दुपारचे बारा वाजले होते; दुकान संध्याकाळपर्यंत उघडे असते.

जबाब लिहिणाऱ्या साहेबांनी विचारले, "बाई, ते गेले आता. त्यांच्याऐवजी 'अज्ञात इसम' लिहू का?"

मी म्हटले, "नाही. पूर्ण नाव लिहा."

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी पतींचे नाव अपुरे लिहिले होते, ते माझ्यासमोर पूर्ण करून घेतले. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे व खरा आहे.

सही : लेइली सारापिक